हंगाम, हजेरीपट आणि हक्क : अहिल्यानगर जिल्ह्यातील वैधानिक कामगार-लाभांचा आढावा

कामगाराच्या मोबदल्याचे दोन भाग पडतात. केलेल्या कामाबद्दल हाती पडणारी मजुरी किंवा पगार हा पहिला भाग. आणि आजारपण, अपघात, बाळंतपण, म्हातारपण किंवा नोकरीचा शेवट अशा प्रसंगांसाठी मालकाने करावयाची तरतूद हा दुसरा. ही तरतूद मालकाच्या मर्जीवर न सोडता कायद्याने त्याच्यावर बंधनकारक केली, की तिला वैधानिक लाभ म्हणतात. भारतात असे लाभ तीन मार्गांनी पोचतात. उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी, बोनस, पगारी रजा यांसारखे लाभ मालक थेट आपल्या तिजोरीतून देतो; भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा यांत मालक व कामगार दोघांची वर्गणी एका सार्वजनिक संस्थेकडे जमा होते आणि लाभ तिच्याकडून मिळतो; तर माथाडी मंडळासारख्या व्यवस्थेत मालक, कामगार आणि सरकार यांचे प्रतिनिधी असलेले मंडळ मजुरीसकट सगळा व्यवहार हाताळते. मार्ग कोणताही असो, कायद्याचा पहिला प्रश्न एकच असतो : या कामगाराचा मालक कोण, आणि त्याच्या हजेरीपटावर हे नाव आहे काय?

अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर सहजासहजी मिळत नाही. जिल्ह्याचे अर्थकारण साखरेभोवती फिरते आणि साखर हा हंगामी धंदा आहे; संगमनेर, अकोले व खुद्द नगर शहरात बिडी वळणाऱ्या स्त्रिया कारखान्यात नव्हे तर घरी बसून काम करतात; बाजार समित्यांतला हमाल एकाच दिवसात अनेक आडत्यांचा माल उचलतो; आणि ऊसतोड मजूर तर मुकादमामार्फत येतो व हंगाम सरला की निघून जातो. कामगार कायदे लिहिताना डोळ्यांपुढे जो कामगार होता तो बारा महिने, एका छपराखाली, एका मालकाकडे राबणारा गिरणी कामगार होता. त्या साच्यात न बसणाऱ्या माणसांपर्यंत हे लाभ कसे पोचले, कुठे अडले आणि का अडले, याचा विचार या लेखात केला आहे.

पूर्वपीठिका

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली आणि १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने मान्य केले. प्रसूती लाभाचा देशातला पहिला प्रांतिक कायदा मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये झाला. त्याच्या विधेयकावर १९२८ च्या जुलैमध्ये मुंबईच्या विधिमंडळात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलेला विचार आजही महत्त्वाचा आहे. लोककल्याणाची जबाबदारी मुळात सरकारची असल्याने या खर्चाचा भार सरकारनेही उचलायला हवा. पण स्त्रीच्या श्रमाचा फायदा मालकाला मिळतो, म्हणून मालकाची त्यातून पूर्ण सुटका होऊ शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, आणि त्याच काळात, १९४४ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना सादर केली. तिच्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आकाराला आला. कारखाना कायदा आणि किमान वेतन कायदाही त्याच वर्षीचे. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा, बोनसचा १९६५ चा आणि उपदानाचा १९७२ चा.

जिल्ह्यातल्या साखरधंद्याची वाढ याच काळाशी समांतर चालली. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस वाढला आणि हरिगावची बेलापूर कंपनी, टिळकनगरची महाराष्ट्र शुगर मिल्स असे खासगी कारखाने उभे राहिले. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीजवळ प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० मध्ये त्याचे गाळप सुरू झाले. स्वतंत्र भारताचे कामगार कायदे आणि सहकारी साखर कारखानदारी ही अशी एका पिढीची अपत्ये आहेत. सहकाराने सावकार आणि खासगी गिरणीमालक यांच्या तावडीतून ऊस उत्पादकाला सोडवले, हे त्याचे ऐतिहासिक कर्तृत्व आहे. पण कारखान्याचा मालक आता शेतकरी सभासद असल्याने कामगाराच्या प्रत्येक हक्काचा खर्च उसाच्या दराच्या समोर उभा राहू लागला, आणि हा ताण आजतागायत मिटलेला नाही.

१९६१ च्या जमीन कमाल धारणा कायद्याने खासगी कारखान्यांच्या ऊसमळ्यांची जमीन सरकारकडे आली आणि १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. हरिगाव, टिळकनगर, चांगदेवनगर, साकरवाडी या भागांतल्या मळ्यांवरचे शेतमजूर महामंडळाच्या हजेरीपटावर आले. त्यांच्या देण्यांचे आणि राहत्या जागांचे वाद पुढे अनेक दशके चालले. तरी ऊस शेतात राबणाऱ्या माणसालाही नोंद, मालक आणि संघटना मिळू शकते, हे या मळ्यांनी दाखवून दिले. ऊसतोड मजुरांचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

गाळप हंगामाचे गणित

साखर कारखान्यात कामगारांचे मुख्यतः दोन वर्ग असतात : कायम आणि हंगामी. कायम कामगार बारा महिने कामावर असतो. हंगामी कामगार गाळप सुरू होताना, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कामावर येतो आणि मार्च-एप्रिलमध्ये गाळप संपून पट्टा पडला की घरी जातो; मात्र पुढच्या हंगामात त्याने याच कारखान्यात यावे म्हणून बिगर हंगामात त्याला पगाराचा काही भाग धारणा भत्ता, म्हणजे कारखान्यातल्या बोलीत रिटेन्शन, म्हणून दिला जातो. भविष्य निर्वाह निधीच्या कायद्याने हा भत्ता नेमका ओळखला आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्याबरोबर धारणा भत्त्यावरही वर्गणी कापावी लागते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. वर्गणी कामगाराची १२ टक्के आणि मालकाची १२ टक्के असते. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के निवृत्तिवेतन योजनेकडे वळतात आणि उरलेले ३.६७ टक्के कामगाराच्या निधी खात्यात जमा होतात.

त्याच हंगामी कामगाराकडे वेगवेगळे कायदे वेगवेगळ्या नजरेने पाहतात. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ म्हणते की हंगामी आस्थापनेत वर्षभरात प्रत्यक्ष सेवा कितीही कमी झाली असली तरी ते पूर्ण वर्ष धरावे. बोनसचा कायदा वर्षात ३० दिवस काम केलेल्यालाही पात्र मानतो. याउलट कारखाना कायद्याने पगारी रजेसाठी वर्षात २४० दिवसांची हजेरी मागितली होती, आणि चार-पाच महिने चालणाऱ्या हंगामात ती अट पुरी होणे अशक्य आहे. हंगामी कामगाराला जी रजा मिळाली ती त्रिपक्षीय वेतन करारांतून मिळाली. उपदानाच्या बाबतीत तर फरक थेट पैशांत मोजता येतो. बारमाही कामगाराला सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार मिळतो. बारमाही कामावर नसलेल्या हंगामी कामगाराला प्रत्येक हंगामामागे ७ दिवसांचा. दोघांचाही अखेरचा मासिक पगार २०,००० रुपये आणि सेवा ३० वर्षे धरली, तर महिन्याचे कामाचे दिवस २६ मोजून पहिल्याला सुमारे ३,४६,००० रुपये आणि दुसऱ्याला सुमारे १,६१,५०० रुपये मिळतात. हंगामी माणसाने वर्षाचे निम्म्याहून कमी दिवस काम केले, म्हणून निम्म्याहून कमी रक्कम, असा यामागचा हिशोब आहे आणि तो वरवर न्याय्य दिसतो. पण बिगर हंगामात भत्ता देऊन कारखान्याने या माणसाला आपल्याशी बांधून ठेवलेले असते; त्या बांधिलकीची किंमत निवृत्तिवेतनाच्या योजनेने धरली आहे, उपदानाच्या कायद्याने धरलेली नाही.

या सगळ्यांत जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत दूरगामी तरतूद राज्य विम्याची आहे. या योजनेत मालकाने ३.२५ टक्के आणि कामगाराने ०.७५ टक्के भरले की विमेदाराला व त्याच्या कुटुंबाला औषधोपचार, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम, कामावरच्या इजेत ९० टक्के रक्कम आणि बाळंतपणात २६ आठवड्यांचा पूर्ण मोबदला मिळतो. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ती लागू होते. मात्र १९४८ च्या कायद्याने हंगामी कारखाने पहिल्यापासून वगळले आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत गुळासकट साखरेचे नाव घातले. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीच्या जन्मभूमीत, प्रवरा, संगमनेर, अशोक, मुळा, ज्ञानेश्वर, वृद्धेश्वर, अगस्ती, कुकडी अशा कारखान्यांच्या पंचक्रोशीत, जिल्ह्याचा मुख्य उद्योगच देशातल्या सर्वांत मोठ्या कामगार आरोग्यविम्याच्या बाहेर राहिला. साखर कामगाराला इजा झाली तर भरपाई थेट मालकाकडून मागावी लागते, आणि आजारपणाच्या रोख लाभाचा वैधानिक हक्क त्याला नाहीच.

हंगामी माणसाची वर्गणी अपुरी पडते, असे या वगळण्यामागचे कारण असावे असे वाटते. पण योजनेचेच नियम तपासले तर ते टिकत नाही. विम्याचे वर्गणीचे वर्ष सहा-सहा महिन्यांच्या दोन भागांत विभागलेले असून त्यांतला एक भाग १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असा आहे. आजारपणाच्या रोख लाभासाठी एका भागात ७८ दिवसांची वर्गणी पुरते, आणि त्या वर्गणीवर पुढच्या जुलै ते डिसेंबर या काळात लाभ मिळतो. गाळपाचा हंगाम या भागात जवळजवळ जसाच्या तसा बसतो आणि चांगल्या हंगामात ७८ दिवस सहज भरतात. शिवाय आता अनेक कारखान्यांना सहवीजनिर्मिती आणि आसवनी प्रकल्प जोडलेले आहेत आणि त्यांचे काम गाळपापलीकडेही चालते. अशा संकुलाला केवळ साखर बनवणारा हंगामी कारखाना म्हणावे काय, हा प्रश्न कामगार संघटनांनी आणि कायदेपंडितांनी याहून कितीतरी जोराने विचारायला हवा होता.

निधीची वर्गणी आणि तिचे निवृत्तिवेतन यांतले अंतर जिल्ह्यातल्या निवृत्त साखर कामगारांना रोज जाणवते. निवृत्तिवेतन काढण्याचे सूत्र सोपे आहे : निवृत्तिवेतनास पात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. पण पात्र पगाराला कमाल मर्यादा आहे; ती २००१ ते २०१४ या काळात ६,५०० रुपये होती आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये आहे. त्यामुळे २०१० मध्ये निवृत्त झालेल्या कामगाराचा प्रत्यक्ष पगार कितीही असो, १९९५ नंतरच्या १५ वर्षांच्या सेवेबद्दल त्याला ६,५०० च्या मर्यादेत महिना सुमारे १,४०० रुपये, आणि जुन्या सेवेबद्दल थोडी भर, एवढेच मिळते. किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून १,००० रुपयांवर थांबले आहे. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्येच ते ३,००० रुपये करावे असे सुचवले होते. बुलढाण्याहून अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या निवृत्तिवेतनधारकांच्या राष्ट्रीय संघर्ष समितीची मागणी ७,५०० रुपये आणि महागाई भत्त्याची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालाने प्रत्यक्ष पगारावर निवृत्तिवेतन घेण्याची वाट काहींना खुली झाली. परंतु ज्यांच्या मालकांनी वर्गणी मर्यादेपुरतीच भरली त्यांना तिचा उपयोग नाही. तीस वर्षे बॉयलरपुढे किंवा गव्हाणीवर काढलेल्या माणसाला महिन्याचा किराणाही न भरणारी रक्कम देऊन ही योजना आपले नाव सार्थ करत नाही, हे स्पष्ट म्हणायला हवे.

कारखानाच आजारी पडला तर? पारनेर, कर्जत तालुक्यातला जगदंबा अशा सहकारी कारखान्यांची कर्जापायी विक्री झाली, आणि अशा प्रत्येक विक्रीत थकीत वर्गणी आधी की बँकेचे कर्ज आधी, हा प्रश्न उभा राहतो. निधीच्या १९५२ च्या कायद्यातल्या ११ व्या कलमाने थकीत वर्गणीला इतर सर्व कर्जांच्या आधीचे स्थान दिले. मराठवाड्यातल्या आजारी साखर कारखान्यांनी महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेकडे साखरेची पोती तारण ठेवली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये तारण साखरेवरही निधीच्या देण्याचा हक्क पहिला, असा निर्णय दिला. उपदान मात्र कोणत्याही निधीत जमा नसते, ते मालकाच्या ताळेबंदातला केवळ एक आकडा असते. म्हणून कारखाना बुडाला की पहिल्यांदा बुडते ते उपदान.

घरातला कारखाना, बाजारातला हमाल

बिडी वळणे हे नगर, संगमनेर आणि अकोल्याच्या स्त्रियांचे जुने काम. नगर शहरात ते प्रामुख्याने तेलंगणातून येऊन स्थिरावलेल्या पद्मशाली समाजातल्या स्त्रियांनी केले. पान, तंबाखू आणि दोरा घरी न्यायचा, बिड्या वळून कारखान्यात मोजून द्यायच्या, मजुरी हजारावर ठरायची आणि खराब ठरलेल्या बिड्या छाट म्हणून बाजूला पडायच्या. या स्त्रिया आपल्या सोयीने काम करतात, त्यांच्यावर आमची देखरेख नाही, सबब त्या आमच्या कामगार नाहीत, अशी मालकांची भूमिका होती. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणारी स्त्री कामगार असल्याचे मान्य करून तिला रजा आणि प्रसूती लाभाच्या कक्षेत आणले. १९७६ च्या कल्याण निधी कायद्याने बिड्यांवरच्या उपकरातून दवाखाने, घरकुले व मुलांच्या शिष्यवृत्त्यांची सोय केली. १९७७ मध्ये बिडी उद्योगाला भविष्य निर्वाह निधी लागू झाला. मालक न्यायालयात गेले, आणि पी. एम. पटेल आणि सन्स विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये घरी बिडी वळणाऱ्यांनाही निधीचा कायदा लागू होतो असे ठरवले. या निकालाचा युक्तिवाद फार मोलाचा आहे. कायद्याच्या व्याख्येत आस्थापनेच्या कामात किंवा त्या कामाच्या संबंधात राबणारा आणि थेट वा कंत्राटदारामार्फत मजुरी मिळवणारा, असा प्रत्येकजण येतो. आणि माल नाकारण्याचा अधिकार हाती असणे हीच पुरेशी देखरेख आहे. मालक ज्या छाटीच्या जोरावर मजुरी कापत होता, तिच्याच आधारे न्यायालयाने त्याचे मालकपण शाबीत केले.

पुढे वस्तू व सेवा कर आला तेव्हा, २०१७ मध्ये, हा उपकर रद्द झाला आणि कल्याण योजना सरकारी अंदाजपत्रकावर अवलंबून राहिल्या. बिडीचा खप उतरत चालल्याने कामाचे दिवसही घटले आहेत. आधार कार्डावरचे नाव, लग्नापूर्वीचे नाव आणि निधीच्या खात्यावरचे नाव जुळत नाही म्हणून हक्काचे पैसे अडकतात; दहा-वीस वर्षे बोटे झिजवलेल्या स्त्रीची अडचण कायद्याच्या अभावाची नसून कागदाच्या जुळणीची असते. तरीही या कामगारांकडे निधीचे खाते आहे, ही गोष्ट लहान नाही.

हमालांचा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. नगरच्या मार्केट यार्डात, नेप्तीच्या कांदा बाजारात किंवा घोडेगावच्या उपबाजारात गोणी उचलणाऱ्या माणसाचा एकच एक मालक दाखवता येत नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी आणि पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने उभ्या केलेल्या चळवळींच्या काळात, १९६९ मध्ये, राज्याने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा केला. या कायद्याने मालक कोण हा वादच गौण ठरवला : आडत्या, व्यापारी, गोदामवाला अशा प्रत्येकाने मंडळात नोंद करायची, हमाली आणि तिच्यावर ठरावीक टक्क्यांची लेव्ही मंडळाकडे भरायची, आणि मंडळाने प्रत्येक कामगाराच्या नावावर निधी, बोनस, सुट्टी आणि उपदानाचे पैसे बाजूला काढायचे. नगरमध्ये असे माथाडी मंडळ असून हमाल पंचायतीची संघटना जुनी आहे. नोंद टाळणारे व्यापारी आणि बनावट टोळ्या यांनी ही व्यवस्था पोखरली, हे खरे. तरी पन्नासांहून अधिक वर्षे टिकलेली, सामाजिक सुरक्षेची ही अस्सल महाराष्ट्रीय रचना आहे आणि तिचे श्रेय राज्याने अधिक अभिमानाने मिरवायला हवे.

औद्योगिक वसाहती आणि दुकाने यांच्याबद्दल थोडक्यात सांगता येते. नागापूरची वसाहत, कायनेटिकसारखे अभियांत्रिकी कारखाने आणि अलीकडे वाढलेले सुपे येथील कायम कामगार कायद्याच्या साच्यात बसतात. तिथली अडचण कंत्राटी कामगारांची आहे, कारण कंत्राटदाराने वर्गणी बुडवली तर ती भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर असूनही कामगाराला ते माहीत नसते. कापड बाजार आणि दाळमंडईतल्या दुकानांना २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने, तेव्हाच्या मर्यादेनुसार दहा किंवा अधिक कामगार असल्यास, २० दिवसांच्या कामामागे एक पगारी रजा, आठ किरकोळ रजा आणि आठ सणांच्या सुट्ट्या बंधनकारक केल्या. पण बहुसंख्य दुकानांत दहा माणसे नसतातच. प्रसूती रजा २०१७ मध्ये २६ आठवड्यांची झाली, आणि जिथे राज्य विमा नाही तिथे तिचा सगळा खर्च एकट्या मालकावर पडला. लहान मालक मग स्त्रियांना कामावर घ्यायलाच कचरतो. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये सरकारच्या वाट्याचा जो मुद्दा मांडला होता, त्याची उपेक्षा झाल्याचा हा परिणाम आहे.

कोयता आणि संहिता

पाथर्डी, शेवगाव आणि जामखेड तालुक्यांतून, तसेच शेजारच्या बीड जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम हंगामाआधी उचल देतो, ती फिटेपर्यंत कोयता बांधलेला असतो. एक दिवस काम चुकले तर खाडा म्हणून पैसे कापले जातात. करार कारखाना आणि मुकादम किंवा वाहतूकदार यांच्यात होतो, मजुराशी होत नाही. त्यामुळे आधी पाहिलेल्या प्रत्येक लाभाच्या दारात त्याला मालक कोण हा तोच प्रश्न विचारला जातो आणि त्याच्याकडे उत्तर नसते. कारखाना कायदा शेतात लागू होत नसे. स्थलांतरित मजुरांचा १९७९ चा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. पाथर्डीचा मजूर कर्नाटकातल्या कारखान्यावर गेला तर तो त्याच्या कक्षेत येई, कोल्हापूरला किंवा आपल्याच जिल्ह्यात प्रवरेकाठी गेला तर येत नसे. बाळंतपणाचा लाभ नसल्याने स्त्रिया गरोदरपणातही मोळ्या वाहतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यासमोर आला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. त्या शस्त्रक्रियांच्या मुळाशी खाड्याची भीती आणि पगारी रजेचा अभाव आहे, हे नाकारता येत नाही.

कारखान्याचे या मजुरांवर नियंत्रण नाही, हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. कोणता फड कधी तोडायचा हे कारखान्याचा शेती विभाग लागवडीच्या तारखेवरून ठरवतो, चिटबॉय फडावर येऊन चिठ्ठी देतो, उसाचे वजन कारखान्याच्या काट्यावर होते आणि तोडणीचा दर साखर संघ व मजूर संघटना यांच्या वाटाघाटीतून राज्यभरासाठी एकच ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये याच वाटाघाटीत ३४ टक्के वाढ होऊन दर टनामागे सुमारे ३६६ रुपये झाला. बिडीच्या खटल्यात न्यायालयाने देखरेखीची जी कसोटी लावली, ती या कामाला लावली तर उत्तर वेगळे येण्याचे कारण दिसत नाही. तरी ती कसोटी ऊसतोडीला लावून पाहण्याचा प्रयत्न हवा तितक्या नेटाने झालेला नाही.

केंद्र सरकारच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आणि वर उल्लेखलेले बहुतेक केंद्रीय कायदे त्यांत विलीन झाले. त्यांनी काही चांगले बदल केले आहेत. भत्ते फुगवून मूळ पगार लहान दाखवण्याची पळवाट, वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असू नयेत या नियमाने बरीचशी बंद होईल. मुदतबंद कामगाराला पाचऐवजी एका वर्षाच्या सेवेनंतर उपदान मिळेल. पगारी रजेची अट २४० वरून १८० दिवसांवर आली. अॅपवरून काम करणाऱ्यांसाठी कंपन्यांच्या उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणीची तरतूद झाली. साखर जिल्ह्याच्या नजरेने पाहिले तर मात्र जुने कुंपण तसेच आहे. हंगामी कारखाना राज्य विम्याच्या बाहेरच राहिला, हंगामामागे ७ दिवसांचे उपदान कायम राहिले, १८० दिवसही बहुतेक हंगामी कामगारांना भरत नाहीत, आंतरराज्य स्थलांतराची व्याख्या राज्याच्या हद्दीवरच थांबली, आणि कंत्राटी कामगारांच्या तरतुदींसाठी ५० कामगारांची मर्यादा ठरल्याने १५-२० कोयत्यांच्या टोळीचा मुकादम तिच्या खालीच राहतो. घरोघर खाणे पोचवणाऱ्या मुलासाठी कायद्याला मालकाऐवजी उलाढालीवर वर्गणी बसवण्याची युक्ती सुचली. तीच युक्ती शतकभर जुन्या साखरधंद्यात टोळीने येणाऱ्या मजुरासाठी सुचली नाही, ही या संहितांची मोठी उणीव आहे.

राज्याने त्या दिशेने एक पाऊल टाकले आहे. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसाच्या टनामागे १० रुपये द्यायचे आणि तितकीच रक्कम सरकारने घालायची असे ठरले. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाची वसतिगृहेही सुरू झाली. टनावरची ही वर्गणी हमालांच्या लेव्हीच्या जातीची आहे, पण तिच्यात लेव्हीचा गाभा नाही : ती मजुराच्या नावावर जमा होत नाही, ती मजुरीच्या प्रमाणात वाढत नाही आणि तिच्यातून मजुराला हक्काने मागता येईल अशी कोणतीही ठरलेली रक्कम तयार होत नाही. दिवसाला दोन टन तोडणाऱ्या जोडीला ३६६ च्या दराने १३० दिवसांत सुमारे ९५,००० रुपये मजुरी होते. कारखान्याच्या हजेरीपटावरच्या कामगाराप्रमाणे तिच्यावर मालकाच्या वाट्याचे १२ टक्के भरायचे ठरले, तर हंगामाला सुमारे ११,४०० रुपये आणि टनामागे सुमारे ४४ रुपये होतात. आज ठरलेली रक्कम १० रुपये आहे, आणि तीही निधीच्या खात्यात न जाता महामंडळाच्या तिजोरीत जाते. ती माथाडी मंडळाच्या धर्तीवर, नवरा आणि बायको यांच्या स्वतंत्र खात्यांत, चिटबॉयच्या चिठ्ठीवरच्या टनांच्या हिशोबाने जमा करायला संसदेच्या नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. १९६९ मध्ये राज्याने हमालांसाठी केला तसा कायदा ऊसतोडीसाठी करणे विधानसभेच्या आवाक्यात आहे.